दोनदा रंगवलेला कोबा

मित्रांनो, गाडी दारातून आत आली की सगळ्यांचं लक्ष गाडीकडे जातं. रंग कोणता, कुठे खरचटली आहे का, टायर नवे की जुने, सगळं बघून होतं. गाडी ज्याच्या छातीवर उभी राहते त्याची चौकशी कोणी करत नाही. तो मी. एका घराच्या गॅरेजमधला कोबा. लांबी अठरा फूट, रुंदी अकरा फूट, वय तेहतीस वर्षं. कोबा म्हणजे सिमेंटची साधी, सपाट जमीन. तुमच्या बैठकीच्या खोलीतल्या फरशीसारखी चकाकी मला जन्मतः नव्हती. ती मला पुढे मिळाली, आणि एकदा नव्हे, दोनदा मिळाली. पहिल्यांदा मिळाली ती सहाव्या दिवशी निघून गेली. ती का गेली आणि दुसरी का टिकली, तेच आज सांगायचं आहे.

मला घातलं एका अबोल गवंड्याने. त्याने आधी खडी पसरली, धुम्मसाने ठोकून ठोकून बसवली, मग माल ओतला, पाणसळ लावली आणि बाहेरच्या शटरकडे अर्ध्या इंचाचा ढाळ ठेवला. काम संपल्यावर तो घरमालकाला एवढंच म्हणाला, "आठवडाभर पाणी पाजा. तहानलेला कोबा जन्मभर धूळ ओकतो."

घरमालक म्हणजे आप्पा. बस डेपोत मेकॅनिक होते. त्यांनी एक आठवडा कामावर जाण्याआधी आणि आल्यावर मला पाणी पाजलं. घरात पोरगं रडत होतं तरी आधी माझ्याकडे यायचे. म्हणून मी बरा घट्ट झालो.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. आप्पा आठवडाभर डेपोतल्या बसखाली आडवे असायचे आणि सुट्टीच्या दिवशी इथे, माझ्या अंगावर, गल्लीतल्या कोणाच्या ना कोणाच्या गाडीखाली. खाली पोतं अंथरायचे. त्यांच्या पाठीची ऊब मला त्या पोत्यातून कळायची. भिंतीवर फळी होती आणि फळीवर प्रत्येक पान्याची जागा खडूने आखलेली होती. पाना जागेवर नसला की आप्पांना जेवण जायचं नाही. एकदा जॅक निसटला आणि माझ्या मधोमध पेरूएवढा खड्डा पडला. आप्पांनी आधी स्वतःचे पाय तपासले, मग माझ्या खड्ड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "माझ्या वाटचं तू घेतलंस बाबा."

ऑईल तर रोजच सांडायचं. सिमेंट वरून कितीही कठीण दिसलं तरी आतून तहानलेलंच असतं. पडेल ते मी पीत गेलो. पाणी प्यालो, ऑईल प्यालो, एकदा अर्धा डबा हिरवा रंगही प्यालो.

वर्षं गेली. आप्पांच्या पत्नी वारल्या. मुलगा मोठा झाला, पुलांच्या बांधकामावर लागला आणि कायम लांबच्या कामावर राहू लागला. दोन महिन्यांतून आठवडाभर घरी. त्याचं लग्न झालं, सूनबाई आली. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. बाटलीवरचा मजकूर दोनदा वाचल्याशिवाय औषध हातात न देणारी. तिच्याबरोबर तिची लहानशी गाडी आली आणि माझ्यावर उभी राहू लागली. आप्पा निवृत्त झाले. गल्लीतल्या नव्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाऊ लागल्या. माझ्या कडेकडेने जुने पंखे, रिकामी खोकी, मोडकी सायकल असं साचत गेलं. केरसुणी आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून एकदा. तरी आप्पा रोज सकाळी चहा झाला की आत येऊन एखादा स्क्रू घट्ट करून जायचे. घड्याळाला किल्ली द्यावी तसं.

आता त्या सकाळचं सांगतो.

सूनबाईच्या गाडीखाली पंधरा दिवसांपासून ऑईल ठिबकत होतं. इंजिनाचं काळं नव्हे. स्टिअरिंग हलकं फिरावं म्हणून गाडीत असतं ते, लालसर आणि पातळ. तिला ते दिसलं होतं. तिने खाली एक पुठ्ठा सरकवला आणि स्वतःशीच म्हणाली, "या रविवारी नक्की दाखवते." तो रविवार गेला, दुसराही गेला. त्या सकाळी तिला उशीर झाला होता. गाडी मागे घेताना पुठ्ठा चाकाला चिकटला, फरपटत गेला आणि त्यात साचलेलं सगळं माझ्या अंगावर पसरलं. तिच्या लक्षात आलं नाही. गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत आप्पा पेचकस घ्यायला घरातल्या दाराने आत आले. दिवा लावला नाही. स्वतःच्याच गॅरेजमध्ये दिवा कशाला?

तिसऱ्या पावलाला त्यांची चप्पल सटकली. ते कुशीवर पडले. त्यांच्या खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तसा आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

त्यांनी हाक मारली. सूनबाई गाडी तशीच सोडून धावत आली. तिने त्यांना हलवलं नाही, डोक्याखाली स्वतःची ओढणी घातली, रुग्णवाहिका बोलावली. सगळं बरोबर केलं. संध्याकाळी ती एकटी इस्पितळातून परतली. बादली, फडकं, लाकडाचा भुसा घेऊन आत आली, गुडघ्यांवर बसून तो लालसर डाग पुसला आणि पुठ्ठा घडी करून पिशवीत कोंबला. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. त्याने विचारलं असणार, कशावरून घसरले.

तिने पिशवीला गाठ मारली. मग म्हणाली, "काय माहीत. त्यांचंच कुठलंतरी जुनं ऑईल सांडलेलं असणार."

मित्रांनो, मी ते ऐकलं. मला तोंड असतं तर काय केलं असतं, मला सांगता येत नाही. मला तोंड नव्हतं.

त्या एका वाक्याने पुढचं सगळं ठरलं. मुलगा धावत आला, आठ दिवस राहिला, आणि जाताना बजावून गेला, "आप्पा, पुरे आता ते गॅरेज. सांडलवंड करायची आणि त्यातच पडायचं." पाने फळीवरून खोक्यात गेले. घरातल्या दाराला वरची कडी लागली, वॉकर धरलेल्या माणसाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर.

सूनबाईने एक महिना रजा काढली आणि पुढचे दोन महिने अर्धा दिवस काम केलं. आप्पांना उठवणं, बसवणं, व्यायाम, औषधं. मी ते भिंतीपलीकडून ऐकायचो. "आप्पा, अजून दोनदा पाय उचला." "उचलला की." "हा उचलला म्हणत नाहीत, हा हलवला म्हणतात." आप्पा हसायचे. वॉकरची टकटक रोज जराशी लांब जाऊ लागली. आणि एके दुपारी ती माझ्या दारापाशी येऊन थांबली.

मग सूनबाई आली असावी. "आप्पा, इथे काय करताय?"

"काही नाही गं. वास घ्यायला आलो होतो."

"कसला वास?"

"ग्रीसचा. दाराच्या फटीतून येतो थोडा."

त्या रविवारी सूनबाईने शटर वर केलं, मधोमध उभी राहिली आणि माझ्याकडे खाली बघितलं. नीट, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. मग आत ओरडून म्हणाली, "आप्पा, मी हा कोबा रंगवणार आहे. इपॉक्सीने. आरशासारखा करते. मग तुम्ही खुशाल आत या."

इपॉक्सी म्हणजे साधा रंग नव्हे. त्याचे दोन डबे असतात. एकात राळेसारखं दाट द्रव्य, दुसऱ्यात ते घट्ट करणारं हार्डनर. वेगवेगळे असले तर दोघेही वर्षानुवर्षं गप्प बसतात. एकत्र केले की अर्ध्या-पाऊण तासात काय लावायचं ते लावून मोकळं व्हायचं, नाहीतर ते डब्यातच दगड होतात.

सूनबाईने डबे आणले, रोलर आणले, फोनवर चार चित्रफिती बघितल्या. समोरचे शेजारी येऊन सल्ले देऊन गेले. गल्लीत त्यांना सगळे सल्लागार म्हणतात, त्यांनाही ते माहीत आहे आणि आवडतं. ते म्हणाले, "एकदम सगळं कालवा. थोडं थोडं केलं तर रंगात फरक पडतो."

आप्पांची खुर्ची घरातल्या दारात मांडली होती. त्यांनी विचारलं, "कोबा घासलास का नीट?"

"धुतला ना. साबण लावून."

"धुणं वेगळं, घासणं वेगळं. आणि वाळलाय का?"

"काल धुतलाय आप्पा. माझ्याकडे दोनच दिवस आहेत. सोमवारी दुकान आहे."

आप्पा गप्प झाले. हल्ली ते पटकन गप्प व्हायचे.

मला बोलता आलं असतं तर मीच सांगितलं असतं की बाई, वरून कोरडा दिसतोय, आतून ओला आहे. एकतीस वर्षांचं ऑईल एका साबणाने जात नाही. पण तिने दोन्ही डबे एकदम एकाच बादलीत कालवले आणि रोलर फिरवायला घेतला. राखाडी, थंड, जाड असं काहीतरी माझ्या अंगावर पसरू लागलं. त्या लालसर डागाशी ती आली तेव्हा तिचा हात क्षणभर अडखळला. मग तिने त्यावरून दोनदा जास्त रोलर फिरवला आणि पुढे गेली. तीन चतुर्थांश काम झालं असेल, तेवढ्यात उरलेली बादली तापायला लागली. हात लावला तर चटका. मग तिच्यातून वाफ निघाली, आणि सूनबाई दुसरा रोलर घेऊन येईपर्यंत बादलीत एक गोळा तयार झाला होता आणि त्यात ढवळायची काठी ताठ उभी होती. शटरजवळचा कोपरा तसाच उघडा राहिला.

पण दुसऱ्या दिवशी काय माझा थाट! दिवा लावला की माझ्यात दिवा दिसायचा. शेजारपाजारचे येऊन बघून गेले, फोटो काढून गेले. "बाई, हॉटेलची लॉबी केलीस!" सल्लागार म्हणाले, "पाहिलंत, मी म्हटलं नव्हतं?" मला खोटं बोलता येत नाही, मी फुलून गेलो होतो. तीस वर्षांत पहिल्यांदा लोक चपला काढून आत येत होते.

डब्यावर लिहिलं होतं, गाडी सात दिवसांनी ठेवा. रोज दोनदा वाचून औषध देणाऱ्या बाईने ते वाचलं नसेल असं नाही. पण तिसऱ्या दिवशी वारं सुटलं, पावसाची चिन्हं दिसली आणि तिने गाडी आत घेतली. तापलेले टायर माझ्या अंगावर रात्रभर बसून राहिले. त्यानंतर रोज तेच. सहाव्या दिवशी सकाळी गाडी मागे घेतली तर चिकटपट्टी ओढावी तसा चर्र आवाज झाला आणि चार चाकांखालचा रंग चाकांबरोबर उठून गेला. लालसर डागावर दुधावरच्या सायीसारखा फुगा आला होता.

आवाज ऐकून आप्पा वॉकर घेऊन आले. त्या दिवसांत दार उघडंच असायचं. उंबऱ्याशी पावसाचं थोडं पाणी आलं होतं. वॉकरचा पुढचा पाय माझ्यावर टेकला आणि सर्रकन पुढे गेला. आप्पांनी चौकट धरली म्हणून वाचले.

सूनबाईने ते गाडीत बसून, काचेतून बघितलं. ती खाली उतरली ती तशीच माझ्यावर बसली. दुकानात फोन करून म्हणाली, "आज येत नाही." बाहेरून सल्लागारांचा आवाज आला, "पाहिलंत, मी म्हटलं नव्हतं?"

"काका, नंतर या," ती म्हणाली. ते गेले.

आप्पा चौकट धरूनच उभे होते. त्यांचा आवाज अगदी साधा होता, पान्याचा नंबर सांगावा तसा. "परत करू. या वेळी मी सांगतो आणि तू कर."

"तुम्ही आत पाय ठेवायचा नाही."

"नाही ठेवत. शटरबाहेर खुर्ची टाक. उन्हात बसतो."

आणि मग खरं काम सुरू झालं. पहिले दोन दिवस ती पहिला रंग खरवडत होती. मग अवजारं भाड्याने देणाऱ्या दुकानातून घासायचं यंत्र आणलं. त्याला हिऱ्याच्या कणांची चकती असते आणि धूळ ओढून घेणारी नळी. ते माझ्या अंगावरून फिरलं तेव्हा, मित्रांनो, छान वाटलं असं मी म्हणणार नाही. माझं वरचं कातडं गेलं. पण खाली जो मी निघालो तो खरखरीत, स्वच्छ, पहिल्या दिवसासारखा होतो. जॅकचा खड्डा आणि भेगा तिने लांबीने, म्हणजे भेगा बुजवायच्या लगद्याने, भरल्या. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, केसांवर राख पडल्यासारखी धूळ. आप्पा बाहेरून म्हणाले, "आता तू माझ्याएवढी दिसतेस."

"सत्तर?"

"पंच्याहत्तर."

मग थेंबाची परीक्षा. आप्पांनी सांगितलं, जागोजागी पाण्याचा थेंब टाकून बघ. कोब्याने थेंब पिऊन टाकला तर रंग धरेल. थेंब वर मोत्यासारखा बसून राहिला तर खाली ऑईल आहे. तिने औषधाचा ड्रॉपर आणला आणि एकेक थेंब टाकत निघाली. मी सगळे प्यालो. एकच जागा सोडून. तिथे थेंब गोल राहिला आणि बसून राहिला.

तिने तिथे ऑईल काढायचं द्रावण ओतलं, ताठ ब्रशने घासलं, धुतलं, वाळवलं. थेंब टाकला. बसून राहिला. दुसऱ्यांदा घासलं. बसून राहिला. चौथ्यांदा घासताना तिचा ब्रश थांबला.

ती तशीच, मान खाली घालून म्हणाली, "आप्पा, हे ऑईल तुमचं नव्हतं. माझ्या गाडीचं होतं. मला पंधरा दिवस माहीत होतं. मी पुठ्ठा घातला होता खाली."

बाहेर खुर्ची करकरली.

"माहितेय."

तिने मान वर केली.

"मी दहा मिनिटं त्यात हात बुडवून पडलो होतो, सूनबाई. बत्तीस वर्षं गाड्यांखाली काढली. इंजिनाचं ऑईल कुठलं आणि स्टिअरिंगचं कुठलं, हे मला वासावरून कळतं. आणि मी घरी आल्यावर पंधरा दिवसांनी तू गाडी गपचूप दुरुस्त करून आणलीस. तोवर फाटकात वळवताना स्टिअरिंग घरघरायचं, ते बंद झालं. खिडकीतून ऐकू येतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू मला रोज उचलून बसवत होतीस. तेव्हा काय बोलायचं? पडणं काय, कोणाच्याही हातून होतं. जॅक माझ्या हातूनही निसटलाय." मग आप्पा म्हणाले, "राग आला होता. पडलो त्याचा नाही. पोराला सांगितलंस ना, की म्हाताऱ्याचंच ऑईल असणार म्हणून. आख्खा जन्म मी सांडलेलं पुसल्याशिवाय हात धुतले नाहीत. त्याचा आला होता."

माझ्यावर दोन थेंब पडले. ते ड्रॉपरमधले नव्हते.

"मी त्यांना सांगते," ती म्हणाली. "आत्ता सांगते."

"सांग. पण आधी तो ब्रश चालव. द्रावण वाळतंय."

तिने पाचव्यांदा घासून संपवलं, हातमोजे काढले आणि माझ्या मधोमध उभी राहून फोन लावला. मला तिचंच बोलणं ऐकू आलं. "कामात आहात? पाच मिनिटं ऐका... आप्पा पडले ना, ते ऑईल माझ्या गाडीचं होतं... नाही, मला तेव्हाच माहीत होतं... हो. खोटं बोलले... हो." मग ती खूप वेळ नुसतं ऐकत राहिली. शेवटी फोन शटरबाहेर आप्पांच्या हातात दिला. आप्पा म्हणाले, "काय रे... हां... हां... अरे, रागव ना, तुझा हक्क आहे. पण घरी येऊन, समोरासमोर रागव. फोनवर भांडू नका, बिल तेवढं येतं... मी? मी बरा आहे. कोब्याचं काम चाललंय."

फोन ठेवल्यावर सूनबाईने विचारलं, "काय म्हणाले?"

"बोलेना फारसा. गाडी नीट मेकॅनिकला दाखवा म्हणाला."

"आणि तुम्ही?"

"म्हटलं, मेकॅनिक खुर्चीत बसलाय."

ती हसली नाही. पण ती जागा धुतली, वाळवली, आत जाऊन ड्रॉपर घेऊन आली आणि त्या जागी थेंब टाकला. थेंब पसरला, काळपट झाला आणि मी तो हळूहळू प्यालो. तिने मान हलवली. आप्पांनी बाहेरूनच विचारलं, "प्याला?"

"प्याला."

त्यानंतर घाई झाली नाही. तिने मला चार दिवस वाळू दिलं. मग प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने माझ्यावर डकवला आणि एक दिवस तसाच ठेवला. उचलला तेव्हा आतून दव धरलं नव्हतं. म्हणजे माझ्या पोटात ओल उरली नव्हती. तेव्हा कुठे तिने डबे उघडले, तेही लेबल मोठ्याने वाचून. या खेपेला तिने औषधासारखं मोजून, थोडं थोडं कालवलं. आप्पांच्या हातात घड्याळ होतं. "तीन मिनिटं ढवळ. तळाशी खरवड. हां, ओत आता." घरातल्या दाराच्या भिंतीपासून ती सुरुवात करून मागे मागे, शटरकडे सरकत आली. पहिला हात त्या दिवशी, दुसरा दुसऱ्या दिवशी. दुसरा हात ओला असतानाच तिने वरून वाळूसारखी बारीक खर पेरली, पाय घसरू नये म्हणून.

"कोंबड्यांना दाणे टाकल्यासारखी टाक," आप्पा म्हणाले. "एका जागी ढीग नको."

"मी कोंबड्या कधी पाळल्यात?"

"मी तरी कुठे? पण टाक."

शेवटची पट्टी शटरच्या तोंडाशी होती आणि तिथे खुर्चीचे पाय आड येत होते. सूनबाईचे दोन्ही हात अडकलेले. आप्पा वॉकरला धरून एकटेच उठले, खुर्ची पायाने मागे ढकलली आणि उभे राहिले. पट्टी पूर्ण होईपर्यंत उभेच होते.

सात दिवस शटर अर्धं वर होतं. गाडी बाहेर पावसात भिजली. भिजू दे, म्हणाली. चौथ्या दिवशी मुलगा आला. त्या दोघांचं घरात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, भिंत जाड आहे. आवाज चढले, उतरले. पाचव्या दिवशी त्याने खोकी उघडली आणि पाने फळीवर लावायला, कडेकडेने, अनवाणी आत आला. मी चालण्याजोगा झालो होतो, गाडीजोगा नव्हतो. एकही पाना त्याने चुकीच्या जागी लावला नाही. लहानपणापासून बघत आला होता तो. दाराची वरची कडीही त्यानेच काढली. चार स्क्रू होते, ते त्याने खिशात टाकले.

आठव्या दिवशी सूनबाईने माझ्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि चप्पल घालून स्वतः त्यावर चालून बघितलं. पुढे, मागे, वळून. मग बाजूला झाली. आप्पांनी वॉकर आत टेकवला. तो जिथे टेकवला तिथेच राहिला. डावं पाऊल, उजवं पाऊल. तिसऱ्या पावलाला ते थांबले, खाली बघितलं, चपलेने दोनदा घासून पाहिलं आणि म्हणाले, "धरतो."

मला मिळालेल्या सगळ्या शाबासक्यांत ही सगळ्यात लहान. हॉटेलच्या लॉबीपेक्षा मला ती बरी वाटली.

त्याला आता दोन वर्षं झाली. आप्पा मोटारींखाली जात नाहीत, ते शक्यही नाही. पहिल्या महिन्यात त्यांनी स्वतःच्या वॉकरची झिजलेली रबरी टोपणं बदलली आणि त्याचा एक लंगडा पाय नीट केला. ते आप्पांना व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बघितलं. त्यांच्याकडे असे वॉकर, कुबड्या, चाकांच्या खुर्च्या ढिगाने, आणि नीट करून देणारा कोणी नाही. मग ती सगळी इथे येऊ लागली. परवा शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. त्यांच्या चाकांच्या खुर्चीचं पुढचं चाक वर्षभर थरथरत होतं. आप्पांनी बेअरिंग बदललं आणि म्हणाले, "फिरवून बघा." त्यांनी माझ्यावर एक फेरी मारली, मग दुसरी, मग उलट दिशेने तिसरी. आप्पा म्हणाले, "झालं ना समाधान?" त्या म्हणाल्या, "थांबा हो जरा, वर्षभर सरळ गेले नाही कुठे." आणि अजून दोन मारल्या.

मला एक सांगायला हवं. रंग चढल्यापासून मी काही पीत नाही. पाणी वरच्यावर राहतं, फडक्याने निघून जातं. कधी कधी पहिल्या आठवड्यातलं ते पाणी आठवतं. पण प्रत्येक वयाचं वेगळं असतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मित्रांनो, मागणं एकच. तुमच्या पायांखालीही कोणीतरी आहे. कोबा असेल, फरशी असेल, जिन्याची पायरी असेल. अधूनमधून खाली बघत जा. काही सांडलेलं दिसलं तर कोणी सांडलं याचा शोध नंतर घ्या, आधी पुसा. तुमच्याच हातून सांडलं असेल तर पुसा आणि सांगूनही टाका. मी पाच वेळा घासून घेतलंय, म्हणून सांगतो, मुरलेलं काढायला फार वेळ लागतो. आणि मला धुताना तीव्र आम्ल वापरू नका, कोमट पाणी आणि साधा साबण पुरतो.

शटर वर जातंय. कोणीतरी दोन कुबड्या आणि एक कुरकुरणारी खुर्ची घेऊन आलंय, आणि आप्पा आतून ओरडतायत, "आत आणा, आत आणा, घसरत नाही!" आता थांबतो. अंगावर वजन आलं की मला दुसरं काही सुचत नाही.